मापाची वही

दुकानात माझ्या मशीनच्या उजव्या हाताला लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांबट वही असते, किराणावाले उधारी लिहायला वापरतात तसली. 2008 साली लग्न होऊन अंबाजोगाईला आले आणि शिलाई सुरू केली, तेव्हापासूनची ही अकरावी वही. वर बाईचं नाव, शेजारी तारीख, खाली आकडे: उंची, छाती, कंबर, शोल्डर, मुंढा, दंडघेर, पुढचा गळा, मागचा गळा. बऱ्याच बायका मापाचं ब्लाऊज आणून टाकतात आणि म्हणतात, "ह्याच मापाचं शिवा." तरी मी टेप लावतेच. ब्लाऊज कपाटात ठेवलं तसं राहतं, अंग राहत नाही.

गेल्या आठवड्यात एक बाई आली. वय बत्तीस. माप घेताना सहज म्हणाली, "ताई, जरा लवकर द्या, पुढच्या महिन्यात पिशवी काढायची हाय." कशामुळं, विचारलं. म्हणाली पाळीत लई जातं, दहा-दहा दिवस. रक्त तपासलं का? नाही. थायरॉइड बघितलं का? "ते कशाला? सोनोग्राफी केली ना. पिशवीला सूज हाय म्हणले."

माझ्या हातातला खडू तसाच राहिला. हे वाक्य आमच्या घरात याआधी दोनदा आलंय. एकदा माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला, एकदा माझ्या. म्हणून आज दुकान लवकर बंद करून हे लिहायला बसलेय.

माझं आधी सांगते. 2021 चा मे महिना. अंबाजोगाई घाटावर असली तरी मेमध्ये दुकानाचे पत्रे तापतात, आत बसवत नाही. त्या दिवसांत मी दुपारी पंखा बंद करायला लावायचे आणि अंगावर चादर घ्यायचे. पोरगा कपाळाला हात लावून बघायचा, ताप नसायचा. सकाळी उठताना अंगावर रात्रभर वाळूचं पोतं ठेवल्यासारखं वाटायचं. फणीत केसांचे पुंजके यायचे, टाचांना भेगा, पोट साफ होत नव्हतं. आवाज इतका जाड झाला की एका नव्या गिऱ्हाइकानं फोनवर मला विचारलं, "दादा, ताईंना देता का जरा?" मी फोन ठेवला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले.

सगळ्यात वाईट म्हणजे हात. रात्री बोटांना मुंग्या येऊन जाग यायची, हात झटकत बसायचे. दिवसा सुईत दोरा ओवता येईना. मला वाटलं, तेरा वर्षं मशीनवर काढली, हात धरणारच. सासूबाई म्हणाल्या, "अंगात सुस्ती भरलीय, दुसरं काय." त्यांचा दोष नाही, त्यांना कुणी वेगळं सांगितलंच नव्हतं. मलाही तेच खरं वाटत होतं.

मग एक दिवस एका नवरीच्या आईचं पैठणीचं ब्लाऊज कापायला घेतलं. साडीतलाच पीस, दुसरा मिळणं शक्य नाही. खुणा केल्या, कात्री चालवली, आणि दोन्ही पुढचे भाग जुळवायला गेले तर दोन्ही एकाच बाजूचे. डावा-डावा. शिकाऊ पोरसुद्धा पहिल्या महिन्यानंतर ही चूक करत नाही. सारख्या रंगाचं कापड तेव्हाच्या औरंगाबादहून मागवलं, पदरचे पैसे घातले. ती बाई काही बोलली नाही. पण त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की ही सुस्ती नाही, डोकंच नीट चालत नाहीये.

मी दर दिवाळीला माझं स्वतःचंही माप लिहून ठेवते. वही उघडली. 2019 च्या दिवाळीला छाती 34, कंबर 30, दंड 11. टेप घेतली, आरशासमोर उभी राहिले. छाती 38, कंबर 35, दंड साडेतेरा. खाणं तर उलट कमी झालं होतं. बांगड्या साबण लावून काढाव्या लागत होत्या. दंडावर बोट दाबलं की पीठ दाबल्यासारखं लागायचं, पण खड्डा राहत नव्हता. दीड वर्षात एवढं अंग वाढलं आणि मी रोज आरशात बघत असूनही मला ते कळलं नव्हतं. वहीनं सांगितलं.

पाळी तर नऊ-नऊ दिवस चालायची, गाठी पडायच्या. शेवटी एका दवाखान्यात गेले. दहा मिनिटांत सोनोग्राफी झाली. "पिशवीला सूज आहे, एक बारीक गाठ आहे. दोन लेकरं झालीत ना? मग ठेवता कशाला? उद्या कॅन्सर झाला म्हणजे?" ऑपरेशनची तारीखही मिळाली. नवरा पैसे जुळवायला लागला. कॅन्सर हा शब्द कानावर पडला की माणूस पुढचं काही विचारत नाही.

थांबवलं ते अक्कानं. तिला फोनवर सांगितलं तर पलीकडं बराच वेळ आवाजच नाही. मग म्हणाली, "घाई नको करू माय. पिशवी गेली की तरास जातो म्हणतेत. माझा तिथूनच सुरू झालाय."

तिच्या त्या बोलण्यामुळं मी इथल्याच सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, आम्ही ज्याला नुसतं 'मेडिकल' म्हणतो तिथं, नंबर लावला. डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी माझी सोनोग्राफीची फाईल बाजूला ठेवली आणि आधी मला बोलू दिलं. माझा आवाज ऐकूनच त्यांनी मान वर केली. मग मागं उभं राहून दोन्ही हातांच्या बोटांनी गळा चाचपला, घोट गिळायला लावला. खुर्चीवर गुडघे टेकवून पाय मागं लोंबते ठेवायला सांगितले आणि टाचेच्या वरच्या शिरेवर लहान हातोडी मारली. पाऊल हललं, पण परत येताना सावकाश, पाण्यात हलल्यासारखं. एवढ्यावरच त्या म्हणाल्या, "ताई, हे थायरॉइड दिसतंय. रक्त देऊन जा."

थायरॉइडच्या तपासणीतला टीएसएच 62 आला. साधारण 0.4 ते 4 च्या आसपास असायला हवा. हिमोग्लोबिन 8.4. नंतरच्या तपासणीत कळलं की शरीरातल्या संरक्षक पेशीच माझ्या थायरॉइड ग्रंथीवर उलटल्या आहेत. हा आजार जपानच्या हाशिमोटो नावाच्या डॉक्टरांनी 1912 मध्ये पहिल्यांदा मांडला, म्हणून त्यांच्याच नावानं ओळखतात. पुरुषांपेक्षा बायकांत तो कितीतरी जास्त दिसतो.

टीएसएच वाढला म्हणजे थायरॉइड वाढलं, असं बहुतेकींना वाटतं. माझ्या जावेला तर मी अजून समजावतेय. ते उलटं आहे. मला ते माझ्या मशीनवरून कळलं. गळ्याजवळची थायरॉइड ग्रंथी म्हणजे मशीन. मेंदूच्या बुडाशी असलेली पीयूषिका ग्रंथी म्हणजे पायडल मारणारा पाय. टीएसएच म्हणजे त्या पायाचा जोर. पट्टा ढिला झाला, मशीन चालेना, की पाय जास्त जोरानं मारावा लागतो. टीएसएच 62 म्हणजे पाय जीव तोडून पायडल मारतोय आणि सुई जागची हलत नाही.

आणि पाळीचं काय? थायरॉइड मंद झालं की बीज वेळेवर तयार होत नाही, पिशवीचं आतलं अस्तर जाड होत राहतं आणि मग एकदम सुटतं. माझ्या पिशवीत बिघाड नव्हता. गाठ होती, पण बोराच्या बीएवढी. अशा गाठी कित्येक बायकांना असतात आणि बहुतेक वेळा त्रासही देत नाहीत, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. पिशवी काढली असती तर रक्त जाणं थांबलं असतं. थंडी, आवाज, मुंग्या, ती चुकलेली पैठणी, सगळं तसंच राहिलं असतं.

गोळी सुरू झाली. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासलं तर टीएसएच अजून 30 च्या वर. डॉक्टरबाईंनी विचारलं, गोळी कशी घेता? म्हटलं, सकाळी उठल्यावर चहाबरोबर, आणि सोबत रक्तवाढीची लोहाची गोळी, म्हणजे एकदाच सगळं आटपतं. त्यांनी कपाळाला हात लावला नाही, रागावल्या नाहीत, शांतपणे समजावलं. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चार तासांनंतर. नाहीतर पोटात ती थायरॉइडच्या गोळीला अडकवून ठेवते, अंगात जाऊच देत नाही. हे मला गोळीच्या बाटलीबरोबर औषधाच्या दुकानवाल्यानं किंवा आणखी कुणी सांगितलं असतं तर ते सहा आठवडे वाया गेले नसते. म्हणून इथं ठळक सांगते. आपल्याकडं डोळे उघडले की आधी चहा लागतो. मी आता गोळीची बाटली पाण्याच्या तांब्याशेजारीच ठेवते. पहाटे पाणी भरायला उठते तेव्हा घेते, तोवर पाणी सुटतं, आणि हंडे भरून होईपर्यंत चहाची वेळ होते.

नवरात्रात नऊ दिवसांचा उपास धरला तेव्हाही गोळी चुकवली नाही. योगेश्वरीच्या दर्शनाला जाताना एक बाई म्हणाली, "उपासाला गोळी चालती का?" पाणी चालतं तर गोळी चालते.

चौथ्या महिन्यात पाळी पाच दिवसांवर आली. मुंग्या गेल्या, आवाज परत आला. वहीत छाती 36 वर उतरली आणि तिथंच थांबली. बाकीचं वजन थायरॉइडचं नव्हतंच, हेही डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं. थायरॉइडमुळं वाढतं ते मुख्यतः अंगात साठलेलं पाणी-मीठ. गोळी घेतली की सडपातळ होऊ, ही आशा धरून बायका गोळी वाढवून घेतात. त्यानं काळजात धडधड सुरू होते आणि हाडं झिजतात. तसं कुणी करू नका.

आता अक्काचं. हे लिहायला मला जड जातं, पण ती स्वतः म्हणाली, "लिही, नाव नको टाकू."

आमचं माहेर धारूर तालुक्यात, बालाघाटाच्या माळावर. दोन एकर जमीन, तीही मुरमाड. अक्का माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. पंधराव्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यावर मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे. दिवाळी झाली की टोळीबरोबर ऊसतोडीला सांगली, कोल्हापूर, कधी कर्नाटक, आणि परत येईपर्यंत मार्च-एप्रिल. पहाटे अंधारात फडात उतरायचं, मोळ्या डोक्यावरून ट्रॉलीत टाकायच्या. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जायचे. पाळीच्या दिवसांत आडोसा नाही, कपडा धुवायला पाणी नाही. ओला कपडा तसाच. पांढरं जायला लागलं, ओटीपोटात कळा यायला लागल्या. हे बहुतेक वेळा जंतुसंसर्गाचं दुखणं असतं, औषधानं बरं होणारं.

2009 साली, ती 27 वर्षांची असताना, एका खासगी दवाखान्यात तिला सांगितलं, "पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल." पिशवीचा तुकडा काढून तपासला नाही, काही नाही. मुकादमाकडूनच जादा उचल घेतली, ऑपरेशन झालं, ती फेडायला महिन्याच्या आत ती पुन्हा फडात होती.

ती एकटी नव्हती हे सगळ्या महाराष्ट्राला 2019 मध्ये कळलं. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यानंतर खासगी दवाखान्यांनी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय हे ऑपरेशन करायचं नाही, असं जिल्ह्यात ठरलं. बातम्यांत पिशव्यांचे आकडे आले. पिशवी गेल्यानंतर त्या बायकांच्या अंगात पुढची वीस वर्षं काय चाललंय, यावर फार कमी बोललं गेलं. मला बोलायचंय ते त्यावर.

ऑपरेशननंतर वर्षाच्या आतच अक्काच्या अंगातून वाफा निघायला लागल्या. पौषातल्या थंडीत, कोपीत सगळे घोंगड्या घेऊन झोपलेले आणि ही बाहेर येऊन उसाच्या पाचटावर बसलेली, पदर घामानं ओला. झोप नाही. छातीत धडधड. उगाच रडू. नवऱ्याजवळ जाणं नकोसं, कारण आग व्हायची, आणि हे कुणाला सांगायचं? गावानं ठरवलं, बाहेरचं झालंय. अंगारे झाले, लिंबू उतरून झाले. चौदा वर्षं.

2023 मध्ये अंगणात सडा टाकताना ती घसरली, हात टेकला, मनगट मोडलं. 41 वर्षांची बाई, उभ्या-उभ्या पडली आणि हाड मोडलं. प्लास्टर घालून ती माझ्याकडं महिनाभर राहायला आली. दोन गाऊन शिवून द्यावेत म्हणून मी माप घेतलं: खांद्यापासून घोट्यापर्यंत साडेपन्नास. वहीत लिहिताना जुनं पान उघडलं. 2014 ला तिचाच गाऊन शिवला होता, उंची 52. मला वाटलं माझी टेप सरकली. पुन्हा घेतली. तिला भिंतीला टाच लावून उभी केली, पुन्हा घेतली. साडेपन्नासच. परकराचं माप काढलं तर कमरेपासून घोटा तेवढाच, जुना. म्हणजे कमी झालं होतं ते कमरेच्या वरचं. पाठ.

मी ते दोन्ही आकडे कागदावर लिहून तिला मेडिकलला घेऊन गेले. डॉक्टरबाई आता वरच्या पदावर होत्या, पण ओळखलं. तो कागद त्यांनी दोनदा वाचला. एक्स-रे काढला, पाठीचा एक मणका दबलेला होता. हाडांची घनता मोजली, ती फारच कमी. सोनोग्राफीत अंडाशयं दिसेनात, आणि रक्तातला एफएसएच नावाचा हार्मोन पाळी कायमची गेलेल्या बाईचा असतो तेवढा वाढलेला. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं काढली होती का, हे सांगणारा एकही कागद अक्काकडं नाही. तिला कुणी सांगितलंही नव्हतं.

तेव्हा मला समजलं की आपण "पिशवी" म्हणतो त्यात किती गोष्टी एकत्र बांधतो. पिशवी वेगळी, अंडाशयं वेगळी. पिशवी गेली की पाळी जाते. अंडाशयं गेली की त्यांत बनणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन जातं, आणि त्या दिवसापासून बाई म्हातारपणाच्या वाटेला लागते, मग ती 27 ची का असेना. हाडं, काळीज, झोप, कातडी, सगळ्याला ते इस्ट्रोजेन लागतं. अंडाशयं जागेवर ठेवली तरी नुसत्या पिशवीच्या ऑपरेशननंतर ती लवकर थकू शकतात. एरवी आपल्याकडं बायकांची पाळी सरासरी 46-47 च्या आसपास जाते. ज्यांची चाळिशीच्या आत जाते, ऑपरेशननं जावो की आपोआप, त्यांना काही मोठी अडचण नसेल तर नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन बाहेरून देतात. अक्काला चौदा वर्षांत कुणी एक गोळी दिली नव्हती.

उशिरा का होईना, सुरू झालं. आधी स्तनांची तपासणी, बीपी, पायात रक्ताची गुठळी कधी झाली होती का याची चौकशी. स्तनाचा कॅन्सर किंवा अशी गुठळी झालेल्या बाईला हे औषध देत नाहीत. तिला पिशवी नसल्यामुळं नुसतं इस्ट्रोजेन पुरतं. पिशवी असती तर अस्तर जाड होऊ नये म्हणून प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोनही जोडावं लागलं असतं. हाडांचं औषध, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व वेगळं.

तीन आठवड्यांनी सकाळी साडेसहाला तिचा फोन आला. इतक्या लवकर फोन म्हणजे काहीतरी वाईट, म्हणून मी घाबरतच उचलला. तिकडून म्हणाली, "अगं, म्या रातभर झोपले. आत्ता उठायले." एवढंच. मी इकडं भांडी तशीच टाकून ओट्याला टेकून उभी राहिले.

म्हणून त्या बत्तीस वर्षांच्या बाईला मी गप्प बसून ब्लाऊज शिवून देऊ शकत नव्हते.

पिशवी काढणं नेहमीच चूक असतं, असं मी म्हणत नाही. मोठ्या गाठी असतात, कॅन्सर असतो, कधी सगळे उपाय थकतात. तेव्हा ऑपरेशनच जीव वाचवतं. पण त्याआधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, गरज असेल तर अस्तराचा तुकडा तपासणं, गोळ्यांनी प्रयत्न करणं, कॉपर-टीसारखं पिशवीत बसवायचं हार्मोनचं साधन, एवढ्या पायऱ्या आहेत. आणि ऑपरेशन करायचंच ठरलं तर एक प्रश्न विचारायचाच: अंडाशयं ठेवणार का काढणार? उत्तर कागदावर लिहून घ्यायचं. डिस्चार्ज कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत, जपून.

भाचीचंही थोडं सांगते, कारण सोळा-सतरा वर्षांच्या पोरींच्या आया हे वाचत असतील. माझ्या भावाची मुलगी, लातूरला नीटच्या क्लासला असते. मेसचं जेवण, दिवसातले बारा तास खुर्चीवर, रात्री दोनपर्यंत जागरण. दिवाळीत घागरा शिवायला आली तेव्हा मागचा गळा मोजताना दिसलं, मान काळी पडलेली, मखमलीसारखी जाड, आणि मधोमध सोललेली. वहिनी म्हणाली, "मान घासतच नाही कार्टी. मी काल बेसन-लिंबू लावून घासून काढली." पोरीच्या डोळ्यांत पाणी. मी विचारलं, "पाळी कधी आली होती गं?" म्हणाली, "आत्या, आखाडात." म्हणजे चार महिने झालेले. वहिनीला ठाऊक होतं. "बरंच हाय की, अभ्यासात अडथळा नाही," असं तिला वाटत होतं.

तो मळ नव्हता. अंगात इन्सुलिन जास्त झालं की मान, काख काळी पडते. ती घासून जात नाही, आतलं दुरुस्त झालं की हळूहळू उजळते. हनुवटीवर राठ केसही होते, ते ती ब्लेडनं काढत होती, कुणाला न सांगता. डॉक्टरबाईंनी पीसीओएस सांगितलं, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, हार्मोनचा बिघाड. तपासण्यांत आधी गरोदरपणाची लघवी-चाचणी होती, तेव्हा वहिनी उठून निघालीच होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, पाळी चुकलेल्या प्रत्येकीची करतो, संशय म्हणून नाही. मग थायरॉइड, प्रोलॅक्टिन, साखर, टेस्टोस्टेरॉन. सोनोग्राफी मात्र त्यांनी केलीच नाही. पाळी सुरू होऊन आठ वर्षं होईपर्यंत अंडाशयं तशीही ठिपक्याठिपक्यांची दिसतात, त्यावरून निदान करू नये, असं सांगितलं. आणि ते ठिपके म्हणजे गाठी नव्हेत. अर्ध्यात थांबलेली बीजं असतात. 'सिस्ट' ऐकून वहिनी कॅन्सर समजून रडत होती.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मूल होण्याच्या वयातल्या 6 ते 13 टक्के बायकांना हे असतं आणि त्यातल्या 70 टक्क्यांपर्यंत बायकांना ते माहीतच नसतं. म्हणजे माझ्या वहीच्या प्रत्येक पानावर एखादी तरी असणार. मला आता वाटतं, किती माना मी बघून सोडून दिल्या.

भाचीला औषध आहे, पण त्याहून मोठा बदल म्हणजे क्लासला रिक्षा बंद करून पायी जाते, मेसमध्ये भाताऐवजी ज्वारीची भाकरी मागून घेते, बाराला झोपते. वजन पाच-दहा टक्क्यांनी उतरलं तरी पुष्कळ जणींची पाळी परत रुळावर येते. तिची फेब्रुवारीत आली. मोबाइलमध्ये तारीख टाकते. चेहऱ्यावरच्या केसांना अजून सहा महिने तरी लागतील, हे तिला आधीच सांगून ठेवलंय, म्हणजे ती मध्येच औषध सोडणार नाही.

एक गोष्ट राहिली. भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या आधी आठ दिवस माझ्या दुकानात बायकांचं हमखास बोलणं असतं, कोणत्या औषधाच्या दुकानात पाळी पुढं ढकलायची गोळी मिळती. चिठ्ठी नाही, तपासणी नाही. ती गोळीही हार्मोनच आहे. पायात, फुप्फुसात गुठळी झालेल्या बाईला ती धोक्याची, आणि पाळी आधीच अनियमित असेल तर खरं दुखणं झाकून टाकते. लक्ष्म्या आपल्या घरच्या लेकी म्हणून येतात. लेकीला आईच्या पाळीचा विटाळ होईल, हे मला पटत नाही. मी गोळी सोडलीय. पुरण मीच घालते.

पाळीची तारीख कॅलेंडरवर लिहायला लाजू नका. मी माझ्या दुकानात येणाऱ्या बायकांना आता सरळ विचारते. 21 दिवसांच्या आत येते का, 35 च्या पुढं जाते का, आठ दिवसांहून जास्त टिकते का, तीन महिने आलीच नाही असं झालं का, पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा डाग दिसला का. यातलं काहीही असेल तर डॉक्टरकडं जायचं, आणि शेवटचं असेल तर त्याच आठवड्यात. काही जणी तोंडाला पदर लावून हसतात, मग टेप गळ्यात असतानाच हळूच सांगायला लागतात.

त्या बाईला मी मेडिकलची वेळ आणि वार लिहून दिला, नवऱ्याला सोबत घेऊन जा म्हटलं. परवा ती ब्लाऊजचं अस्तर द्यायला आली. हिमोग्लोबिन 7.6 निघालंय, ऑपरेशन तूर्त थांबवलंय, टीएसएचचा रिपोर्ट उद्या संध्याकाळी मिळणार आहे. अंगावर सूज वाटते म्हणाली. मी ब्लाऊज जरा सैल कापलं आणि दोन्ही बगलांना आतून दीड-दीड इंच माया ठेवली.